काळ्या झग्यातला माणूस

सबमिशनचा आठवडा होता. फाइल्स अपूर्ण, शीट्स अर्धवट, आणि अशा वेळी कुठल्याही हॉस्टेलवर जे होतं तेच आमच्याकडे झालं. रात्री साडेबाराला कुणीतरी म्हणालं, पिक्चर बघूया. भुताचे पिक्चर हा आपला खास प्रांत, त्यामुळे निवड माझ्याकडे आली. मी लावला १९३१ सालचा ‘ड्रॅक्युला’. ब्लॅक अँड व्हाइट.

माझ्या रूममेट्सनी त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही. सव्वा तासाचा सिनेमा, आणि रक्त म्हणाल तर बोटाला टोचल्यावर येतं तेवढंच. बॅकग्राउंड म्युझिक जवळपास नाहीच. ड्रॅक्युलाला सुळे नाहीत. होय, सुळेच नाहीत! आणि त्याच्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या पडक्या वाड्यात चक्क आर्माडिलो फिरतात, जो प्राणी सापडतो अमेरिका खंडात. पोरी हसून हसून लोळल्या. मीही हसले. पण जिन्यावर हातात मेणबत्ती घेऊन तो काउंट उभा राहतो, आपलं नाव सांगतो, आणि प्रत्येक शब्दापुढे अशी काही वाट बघतो की जणू पुढचा शब्द थडग्यातून उकरून काढायचाय. तो आवाज मात्र माझ्या डोक्यातून जाईना. बाकीच्या झोपल्या तरी मी लॅपटॉप घेऊन बसले. हा माणूस होता तरी कोण?

त्याचं नाव बेला लुगोसी. मित्रांनो, तुम्ही हा सिनेमा पाहिला नसेल, पण लुगोसीला तुम्ही नक्की पाहिलंय. कार्टूनमधला ड्रॅक्युला, फॅन्सी ड्रेसमधला ड्रॅक्युला, मागे वळवलेले चकचकीत केस, उभी कॉलर, काळा झगा, अडखळत येणारं जड इंग्रजी. आपल्या रामसे बंधूंच्या ‘बंद दरवाजा’तला (१९९०) सैतानसुद्धा याच खानदानातला. ही सगळी एका माणसाची नक्कल आहे. आणि त्या माणसाला त्यातून काय मिळालं, ही गोष्ट मला त्या सिनेमापेक्षा जास्त भीतिदायक वाटली.

त्याचा जन्म २० ऑक्टोबर १८८२ चा, लुगोश नावाच्या गावातला. तेव्हा ते हंगेरीत होतं, आता रोमानियात आहे. गंमत म्हणजे ट्रान्सिल्व्हेनिया तिथून फार दूर नाही. म्हणजे ड्रॅक्युलाचा रोल करायला हॉलिवुडला खरोखरच त्या भागातला माणूस मिळाला! त्याचं खरं आडनाव ब्लाश्को. वडील आधी बेकरीवाले होते, पुढे बँकेत गेले. चार भावंडांतलं हे शेंडेफळ. पण पोराचं शाळेत मन रमेना. लहानपणीच शाळा सोडून तो घराबाहेर पडला, मिळेल ते अंगमेहनतीचं काम केलं आणि विसाव्या वर्षाच्या आसपास नाटक कंपन्यांमध्ये शिरला. नाटकासाठी त्याने गावाच्या नावावरून आडनाव घेतलं, लुगोशी. आपल्याकडे पुण्याचा तो पुणेकर, तसंच हे. पुढे अमेरिकेत लोकांनी त्याचा लुगोसी केला. त्याच्या उच्चारांवर आयुष्यभर बोट ठेवणाऱ्यांना त्याचं नाव काही नीट उच्चारता आलं नाही!

हंगेरीत तो भूत-बीत नव्हता. त्याने रोमिओ केला. ख्रिस्ताच्या जीवनावरच्या नाटकात येशूचं काम केलं. त्या वेषातला त्याचा फोटो पाहिला तर कुणाला ड्रॅक्युला आठवणार नाही. १९१३ मध्ये तो बुडापेस्टच्या नॅशनल थिएटरमध्ये गेला. तिथे बहुतेक रोल छोटेच होते, पण नॅशनल ते नॅशनल. मग पहिलं महायुद्ध आलं. हा सैन्यात गेला, लेफ्टनंट झाला, रशियाच्या आघाडीवर जखमी होऊन १९१६ मध्ये परत आला.

युद्ध संपल्यावर हंगेरीत क्रांती झाली. लुगोसी नुसता बघत बसला नाही. त्याने नटांची युनियन बांधली, कारण छोट्या नटांचे कसे हाल असतात हे त्याने स्वतः पाहिलं होतं. पण १९१९ मध्ये बेला कुनचं कम्युनिस्ट सरकार कोसळलं आणि त्या बाजूचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांची धरपकड सुरू झाली. लुगोसीला देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. बर्लिनमध्ये त्याने थोडे सिनेमे केले. त्यातल्या एकाचा दिग्दर्शक होता एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ. हाच मुर्नाऊ दोन वर्षांनी, १९२२ मध्ये, ‘नॉस्फेराटू’ बनवणार होता, ड्रॅक्युलाच्या कादंबरीवरून पण लेखकाच्या बायकोला न विचारता. तिने कोर्टात खेचून सगळ्या प्रिंट्स नष्ट करण्याचा हुकूम मिळवला. आपल्या नशिबाने काही वाचल्या. तिकडे मुर्नाऊच्या सेटवर लुगोसी काय करत होता? बटलरचा रोल.

१९२० च्या डिसेंबरमध्ये तो अमेरिकेत उतरला, तोही प्रवासी म्हणून नाही तर मालवाहू जहाजावरचा खलाशी म्हणून. वय अडतीस. खिशात विशेष काही नाही. आणि इंग्रजी येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये त्याने आधी हंगेरियन लोकांसाठी हंगेरियन नाटकं केली. १९२२ मध्ये त्याला पहिलं इंग्रजी नाटक मिळालं, ‘द रेड पॉपी’. भाषा तर येत नव्हती. मग त्याने अख्खा रोल नुसत्या आवाजावरून पाठ केला. शब्दाचा अर्थ नंतर, आधी नाद. आपण लहानपणी अर्थ न कळता संस्कृत श्लोक घोकतो, तसं. आणि तो स्टेजवर उभा राहिला.

इथे मला माझं थोडं सांगावं लागेल, नाहीतर हा माणूस मला एवढा का लागला ते कळणार नाही. मी कॉन्व्हेंटची. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दंड पडायचा. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, असं करत करत माझं मराठी असं झालं की माझंच असून पाहुण्यासारखं वाटतं. ‘ळ’ माझ्याकडून ‘ल’ होतो, आणि कुणी लक्षात आणून दिलं की जास्तच होतो. फर्स्ट इयरला गॅदरिंगच्या एकांकिकेत मला रोल मिळाला, अमेरिकेहून आलेल्या भाचीचा. मी तोंड उघडलं आणि हॉल हसला. टाळ्याही पडल्या. सेकंड इयरला कोणता रोल मिळाला ओळखा. लंडनहून आलेल्या सुनेचा! सगळे म्हणतात, तुला शोभतो तो रोल. शोभतो हे खरंच आहे. तर लुगोसीची पुढची गोष्ट मी अशी, जरा सावध होऊन वाचली.

१९२७ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रॉडवेवर ‘ड्रॅक्युला’ हे नाटक आलं. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची, पण त्यातला ड्रॅक्युला म्हातारा, मिशाळ, तोंडाला वास येणारा. नाटकात तो झाला रुबाबदार, पाहुण्यासारखा दिवाणखान्यात येऊन बसणारा. इंजिनीअरिंगवाल्यांसाठी एक खास माहिती: त्याची ती उभी कॉलर फॅशन म्हणून आलेली नाही. स्टेजवर ड्रॅक्युला अचानक गायब व्हायचा असे. प्रेक्षकांकडे पाठ करून उभं राहिलं की उंच कॉलरमागे नटाचं डोकं दिसायचं नाही. झगा दुसऱ्यांच्या हातात तसाच राहायचा आणि नट खालच्या दारातून पसार. म्हणजे आज जगभर जो ड्रॅक्युलाचा ट्रेडमार्क आहे, ती मुळात एका ट्रिकची गरज होती.

लुगोसीने हे नाटक ब्रॉडवेवर २६१ प्रयोग गाजवलं, मग दौरे केले. युनिव्हर्सल कंपनीने सिनेमा काढायचं ठरवलं तेव्हा मात्र त्याचा विचार कुणाच्या मनात नव्हता. आधी चर्चा होती लॉन चेनी या मूकपटांच्या बड्या नटाची, पण १९३० च्या ऑगस्टमध्ये चेनी वारला. त्यानंतरही इतर नावं चालली. लुगोसी मागे लागला, स्टोकरच्या विधवेशी हक्कांची बोलणी चालली होती त्यात कंपनीला मदत केली, आणि शेवटी कमी पैशात काम करायला कबूल झाला. आठवड्याला ५०० डॉलर, सात आठवडे, एकूण ३५००. सिनेमात गोड नायक झालेल्या डेव्हिड मॅनर्सला याहून कितीतरी जास्त मिळाले, आणि आज त्याचं नाव कुणाला आठवतं?

१९३१ च्या फेब्रुवारीत सिनेमा लागला आणि तुफान चालला. दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग, कॅमेऱ्यामागे जर्मनीहून आलेला कार्ल फ्रॉईंड. लुगोसीच्या डोळ्यांवर प्रकाशाचा एक बारीक पट्टा टाकलाय, बाकी चेहरा अंधारात. सुळे नाहीत, रक्त नाही, स्पेशल इफेक्ट म्हणजे दोरीला बांधलेलं वटवाघूळ. भीती येते ती त्या डोळ्यांतून, हाताच्या बोटांतून आणि आवाजातून. आमच्या पोरी वटवाघळाला हसल्या ते ठीक, पण डोळ्यांच्या क्लोजअपला कुणी हसलं नव्हतं, हे मी इथे नोंदवून ठेवते.

त्याच वर्षी युनिव्हर्सलने ‘फ्रँकेनस्टाइन’ घेतला. त्यातल्या राक्षसाची टेस्ट लुगोसीने दिली होती. पुढे काय झालं याच्या दोन गोष्टी सांगतात. तो स्वतः सांगायचा की डायलॉग नाहीत, चेहरा मेकअपखाली झाकलेला, असला रोल आपण नाकारला. दुसरी बाजू अशी की दिग्दर्शक बदलला आणि नव्याला हा नको होता. काही असो, रोल गेला बोरिस कार्लोफकडे आणि कार्लोफ एका रात्रीत स्टार झाला. या कार्लोफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, आणि त्याचं एक नातं आपल्याकडे पोचतं. सयामच्या राजवाड्यात शिकवायला गेलेली प्रसिद्ध ॲना लिओनोवेन्स ही त्याच्या आईची मावशी, आणि तिचा जन्म तेव्हाच्या अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा!

कार्लोफ आणि लुगोसी यांनी पुढे बरेच सिनेमे एकत्र केले. ‘द ब्लॅक कॅट’ (१९३४) तर जरूर बघा, दोघेही जोरात आहेत. पण ‘द रेव्हन’मध्ये (१९३५) मोठा रोल लुगोसीचा असूनही पोस्टरवर पहिलं नाव कार्लोफचं आणि पैसेही त्यालाच जास्त. फरक अभिनयाचा नव्हता असं मला वाटतं. कार्लोफ शास्त्रज्ञ, म्हातारा, सज्जन, खुनी काहीही होऊ शकायचा, कारण मेकअप उतरला की तो एक साधा इंग्रज होता. लुगोसीला मेकअप नव्हताच. त्याचा मेकअप त्याच्या घशात होता. तो कसा उतरवणार?

हे त्याला कळत नव्हतं असं नाही. रोमँटिक रोल, विनोदी रोल मिळावेत म्हणून तो धडपडत होता. १९३९ च्या ‘निनोच्का’मध्ये ग्रेटा गार्बोसमोर त्याला रशियन अधिकाऱ्याचा छोटासा रोल मिळाला. तो बघा. झगा नाही, डोळे वटारणं नाही, शांतपणे केलेलं काम. पण एवढंच.

त्याआधीची दोन वर्षं सगळ्यात वाईट गेली होती. ब्रिटनमध्ये भयपटांविरुद्ध ओरड झाली, १९३६ मध्ये युनिव्हर्सलची मालकी बदलली आणि हॉरर पिक्चर निघणंच थांबलं. बाकीचे नट दुसरी कामं करू लागले. लुगोसीला दुसरं काम कुणी देईना. घर गेलं. १९३८ च्या जानेवारीत मुलगा झाला तेव्हा हॉस्पिटलच्या बिलाला सिनेमावाल्यांच्या मदत निधीची मदत घ्यावी लागली. ज्याच्या एका सिनेमावर कंपनी तगली, त्याची ही अवस्था. मग त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या एका थिएटरने जुने ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेनस्टाइन’ एकत्र लावले आणि रांगा लागल्या. लगेच युनिव्हर्सलला हॉरर आठवलं. ‘सन ऑफ फ्रँकेनस्टाइन’मध्ये (१९३९) लुगोसी झाला यगोर, फासावरून वाचलेला, मान मोडलेला म्हातारा. दिग्दर्शक रोलंड ली याने त्याचा रोल वाढवत नेला. मला विचाराल तर हे त्याचं सगळ्यात चांगलं काम.

आता वेअरवुल्फकडे येऊ, कारण तिथेही हाच माणूस भेटतो. ‘द वुल्फ मॅन’ (१९४१) हा सगळ्या लांडगा-माणसांचा आजोबा. लेखक कर्ट सियोडमॅक, नाझी जर्मनी सोडून आलेला ज्यू. चांदीने मरणारा लांडगा-माणूस, पुढच्या बळीच्या तळहातावर उमटणारी चांदणी, हे सगळं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं ते त्याच्यामुळे. पौर्णिमेचा नियम तर त्याच्याच पुढच्या भागात, १९४३ मध्ये, स्पष्ट झाला. आपल्या ‘जुनून’मध्ये (१९९२) राहुल रॉय पौर्णिमेला वाघ होतो, त्याचं मूळ फिरून फिरून इथे येतं. यात नायक लॉन चेनी ज्युनियर, म्हणजे ‘ड्रॅक्युला’साठी ज्याची चर्चा होती त्या चेनीचा मुलगा. आणि त्याला चावणारा पहिला लांडगा-माणूस कोण? हात बघून भविष्य सांगणारा एक जिप्सी. नाव बेला, नट बेला लुगोसी.

रोल काही मिनिटांचा आहे. एक मुलगी हात दाखवायला येते. तो तिचा तळहात बघतो आणि त्याला ती चांदणी दिसते. म्हणजे आज रात्री हिला मारणार कोण, तर तो स्वतः. तो तिला घाईघाईने पळून जायला सांगतो. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे आहे ते ड्रॅक्युलात कुठेच नाही. तिथे शिकारी होता, इथे स्वतःच्याच रक्तात अडकलेला माणूस आहे. व्हँपायर त्याने जगाला दिला हे सगळे सांगतात. पण लांडगा-माणसाचा शापही पडद्यावर त्याच्याच दातांतून पुढे गेला, हे फार कुणी सांगत नाही. तो लांडगा होताना मात्र आपल्याला दाखवलेला नाही. ते भाग्य चेनीचं.

१९४३ मध्ये नियतीने खरी थट्टा केली. ‘फ्रँकेनस्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’मध्ये त्याला शेवटी तोच राक्षसाचा रोल करावा लागला, जो त्याने बारा वर्षांपूर्वी नाकारला असं तो सांगायचा. वय साठ. या वेळी राक्षसाला डायलॉग होते आणि तो आंधळा दाखवला होता. पण एडिटिंगमध्ये त्याचे सगळे डायलॉग काढून टाकले, आणि त्यांच्याबरोबर राक्षस आंधळा असल्याचा उल्लेखही गेला. उरलं काय, तर हात पुढे करून चाचपडत चालणारा लुगोसी. लोक हसले. आज कुणालाही फ्रँकेनस्टाइनचा राक्षस करून दाखव म्हटलं की तो हात पुढे करूनच चालतो. म्हणजे तीही नक्कल याचीच, आणि तीही त्याच्यावर झालेल्या अन्यायाची.

पूर्ण लांबीच्या सिनेमात ड्रॅक्युला त्याने फक्त दोनदाच केला. दुसऱ्यांदा १९४८ मध्ये, ‘ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेनस्टाइन’ या विनोदी सिनेमात. बाकीचे सगळे चेष्टा करत असताना तो मात्र ड्रॅक्युला पूर्ण मान देऊन करतो. शेवटी वुल्फ मॅन वटवाघूळ झालेल्या ड्रॅक्युलाला धरून खाली उडी घेतो, तेव्हा एका युगाचाच शेवट होतो.

नंतरची गोष्ट लिहायला नको वाटते. पायाच्या दुखण्यावर, सायटिकावर, डॉक्टरांनी दिलेल्या मॉर्फिनची त्याला सवय लागली होती. कामं थांबली, १९५३ मध्ये वीस वर्षांचा संसार मोडला. १९५५ च्या एप्रिलमध्ये तो स्वतःहून सरकारी इस्पितळात दाखल झाला आणि आपलं व्यसन त्याने पत्रकारांसमोर मान्य केलं. त्या काळात हॉलिवुडमध्ये असं कुणी करत नसे. ऑगस्टमध्ये बरा होऊन बाहेर आला, त्याच महिन्यात पाचवं लग्न केलं. काम देणारा एकच होता, एड वुड, ज्याला पुढे जगातला सगळ्यात वाईट दिग्दर्शक म्हणून ओळखलं गेलं. पण फोन वाजायचा बंद झालेल्या नटाला रोल देणारा माणूस वाईट कसा म्हणायचा?

१६ ऑगस्ट १९५६ ला लॉस एंजेलिसमध्ये हार्ट अटॅकने तो गेला, वय ७३. त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यात पुरलं. तशी त्याची शेवटची इच्छा होती असं अनेकजण सांगतात, पण ते खरं नाही. त्याला आवडलं असतं असं वाटून घरच्यांनी तो निर्णय घेतला. मेल्यावरही रोल संपला नाही. वुडने त्याची उरलेली थोडी फिल्म ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’मध्ये वापरली, आणि बाकीच्या सीन्ससाठी दुसऱ्याच एका माणसाला झगा तोंडापुढे धरून उभा केला. पुढे त्याची पत्नी आणि वकील झालेला मुलगा युनिव्हर्सलविरुद्ध कोर्टात गेले: खेळण्यांवर, मुखवट्यांवर हा चेहरा विकताय, तो कुणाचा? खालच्या कोर्टात ते जिंकले, १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टात हरले. मग काही वर्षांत त्या राज्याने मृत कलाकारांच्या वारसांना असा हक्क देणारा कायदाच केला. आणि १९९४ च्या ‘एड वुड’ सिनेमात लुगोसी साकारणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. लुगोसीला स्वतःला कधी नॉमिनेशनसुद्धा नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढं अमर नाव मिळालं, अजून काय हवं? मलाही आधी तसंच वाटलं. पण मी सारखा त्या रोमिओचा विचार करते, जो हंगेरीच्या स्टेजवर राहिला आणि कुठल्याही कॅमेऱ्याने टिपला नाही. लोकांना आवडलेला रोल नाकारायला हिंमत लागते, आणि उपाशी माणसाला ती परवडत नाही. त्याला निवड नव्हती. आपल्याला अजून आहे.

यंदाच्या एकांकिकेची वाचनं सुरू झाली आहेत. परदेशातून आलेली मुलगी यंदाही आहे, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघून झालंय. मी आजीच्या रोलसाठी नाव दिलंय. आजी कोकणातली आहे, तिच्या तोंडी फणस, केळी, नारळ, काळोख असं सगळं आहे. रूममेट्स वैतागल्यात, कारण मी रोज रात्री ‘ळ’ घोकतेय. आधी नाद, अर्थ नंतर.